रेव्हरंड टिळकांची भजने व आपली गायनमंडळी

विद्यार्थिमित्रहो, आपल्या यवतमाळ जिल्ह्यातील खेड्यांत टाळमृदंगाच्या अथवा खंजिरीच्या साथीने भजन चालते, हे तुम्हांस सांगणे नको. एक जण चरण म्हणतो, इतर तो झेलतात. ज्यास अक्षरओळख नाही तोही दुसऱ्या फेरीस त्यांत सामील होतो. हीच रीत ख्रिस्ती उपासनेत रुजविण्याचे मोठे कार्य रेव्हरंड नारायण वामन टिळक ह्यांनी केले.

टिळकांचा जन्म इ. स. १८६१ साली कोकणात करजगाव येथे झाला. इ. स. १८९३ मध्ये नागपुराहून राजनांदगावास जाताना आगगाडीत एका युरोपीय प्रवाशाने त्यांस ‘नवा करार’ दिला. इ. स. १८९५ मध्ये मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला व इ. स. १९०४ मध्ये ते पाळक झाले. फुलामुलांचे कवी म्हणून ख्यातनाम झालेला हा पुरुष इ. स. १९१९ मध्ये निवर्तला.

त्यांनी भजने व अभंग का रचिले? इंग्रजी गीताची चाल शब्दांतील आघातावर बेतलेली असते. मराठीत तसा ठळक आघात नाही. येथे अक्षरसंख्या व लघुगुरुभेद ह्यांस महत्त्व. म्हणून भाषांतरित गीत विलायती चालीवर म्हटले असता जोर पुष्कळदा भलत्याच अक्षरावर पडतो व अर्थ निसटतो. अभंगाचे तसे नाही. मोठ्या अभंगाच्या पहिल्या तीन चरणांत सहा सहा अक्षरे, चौथ्यात चार. दुसऱ्यातिसऱ्याचे यमक जुळते. आखूड चौथ्या चरणावर गाणाऱ्यास विसावा मिळतो.

तरुण गायनमंडळीने ह्यावरून तीन गोष्टी शिकाव्या. प्रथम पद मोठ्याने वाचून अर्थ समजून घ्यावा. मग हाताने ताल धरून अक्षरे मोजावी. शेवटी एकाने चरण म्हणावा व सर्वांनी तो उचलावा. सुरेल गळ्याच्या दोघातिघांनीच गाऊन इतरांस श्रोते करू नये.

कित्येक पालकांस भजन गावंढळ वाटते आणि पेटीवरील इंग्रजी चाल तेवढी प्रतिष्ठेची वाटते. दोहोंसही उपासनेत स्थान आहे. परंतु जे गीत मुलगा मंदिरात गातो आणि घरी आजीस उचलता येत नाही, ते मंदिराच्या दारातच राहते. ‘उपासना संगीत’ ह्या पुस्तकात टिळकांची पुष्कळ पदे आहेत. त्यांतील एक ह्या आठवड्यात आजीसमवेत म्हणून पाहा; तिला ते किती लवकर येते, ह्यावरून तुमच्या गायनाची परीक्षा होईल.