गाँग, बांबू आणि पवित्र मिस्सा



उपासनेत आपल्या मातीतले वाद्य वाजवावे की नाही, हा प्रश्न आपल्याकडे अधूनमधून निघतो. कुणाला ढोलकी-टाळ हवेत, तर कुणाला ऑर्गनशिवाय मिस्सा झाल्यासारखी वाटत नाही. दोन्ही बाजूंचे लोक श्रद्धेनेच बोलत असतात, म्हणून या प्रश्नाचा शांतपणे अभ्यास करणे गरजेचे आहे. आज आपण त्यासाठी फिलिपिन्स या देशाकडे पाहू. आशियात सर्वात जास्त कॅथॉलिक भाविक याच देशात आहेत. तिथल्या संगीतकारांनी गेली साठ-सत्तर वर्षे हा प्रश्न उराशी धरला आणि त्याला वेगवेगळी उत्तरे दिली.

१. एका देशातील दोन संगीते

इ. स. 1565 पासून 1898 पर्यंत फिलिपिन्सवर स्पेनची सत्ता होती. मिशनरी धर्मगुरूंबरोबर तिथे लॅटिन गायन, ऑर्गन, गिटार, व्हायोलिन आणि पुढे बँडही आला. किनाऱ्यावरच्या आणि सखल भागातल्या लोकांनी श्रद्धेबरोबर हे संगीतही आपले मानले.

परंतु उत्तरेकडच्या कोर्दिल्येरा डोंगरांतील आदिवासी आणि दक्षिणेकडच्या मिंदानाओ बेटावरील मुस्लिम समाज यांच्यावर स्पेनला पुरती सत्ता गाजवता आली नाही. तिथे जुने संगीत टिकले. डोंगरात ‘गांसा’ वाजतात. शाळेत तास वाजवायची काशाची थाळी असते, तशा या सपाट थाळ्या. इंग्रजीतून आलेल्या शब्दाने आपण त्यांना गाँग म्हणतो. मिंदानाओत ‘कुलिंतांग’ असते. मधोमध उंचवटा असलेले लहान गाँग, बहुधा आठ, लाकडी चौकटीवर ओळीने मांडतात आणि दोन काठ्यांनी वाजवतात. त्याला मोठ्या लटकत्या ‘अगुंग’ची साथ असते.

म्हणजे चर्चमध्ये वाढलेल्या फिलिपिनो माणसाच्या कानाला बँड ओळखीचा होता, आणि त्याच्याच देशातला गाँग मात्र परका. पुढची सगळी गोष्ट समजायला ही परिस्थिती ध्यानात ठेवावी लागते.

२. बांबूचा ऑर्गन

दोन परंपरा जोडण्याचा एक जुना प्रयत्न मनिलाजवळच्या लास पिन्यास येथील संत जोसेफ चर्चमध्ये आजही पाहायला मिळतो. फादर दिएगो सेरा या स्पॅनिश धर्मगुरूंनी 1816 साली तिथे ऑर्गनचे काम हाती घेतले आणि 1824 साली ते पुरे केले. या ऑर्गनला 1,031 नळ्या आहेत. त्यांपैकी 902 बांबूच्या, बाकीच्या धातूच्या. बांबूला कीड लागू नये म्हणून तो आधी समुद्राच्या वाळूत पुरून ठेवला होता. दीडशे वर्षांनी हा ऑर्गन खिळखिळा झाला, तेव्हा 1973 साली दुरुस्तीसाठी तो जर्मनीत नेला आणि 1975 साली परत आणला.

बांबू तिथल्या मातीतला खरा, पण त्यातून निघणारे संगीत युरोपचेच राहिले. साहित्य स्थानिक आणि सूर पाहुणा, अशी ही पहिली पायरी म्हणता येईल.

३. दोन्ही वाद्ये एकत्र

पुढची पायरी लुक्रेसिया कासिलाग (1918–2008) यांनी गाठली. शिक्षण पाश्चात्त्य संगीताचे, पण आपल्या देशाच्या लोककलांचा अभ्यास दांडगा. 1959 साली त्यांनी एक रचना केली. तिच्यात मिंदानाओची गाँगवाद्ये आणि पाश्चात्त्य फुंकवाद्ये त्यांनी एकत्र बसवली. आजवर खेड्यातल्या सणासमारंभात वाजणारे वाद्य सभागृहात मानाने आले. पुढे 1989 साली त्यांना ‘राष्ट्रीय कलावंत’ हा देशाचा सर्वोच्च कलासन्मान मिळाला.

४. मासेदा यांची ‘पगसाम्बा’

होसे मासेदा (1917–2004) हे मुळात पियानोवादक. पॅरिसला जाऊन आल्फ्रेड कोर्तो या नामांकित वादकाकडे ते शिकले होते. मायदेशी आल्यावर त्यांना एक प्रश्न छळू लागला: जिथे लोक भात पिकवतात आणि नारळाच्या झाडाखाली राहतात, तिथल्या जीवनाशी या पियानोचा काय संबंध? उत्तर शोधायला ते ध्वनिमुद्रणाचे यंत्र घेऊन डोंगरात आणि बेटांवर हिंडले. अनेक वर्षे त्यांनी आदिवासींची गाणी ऐकली, टिपली, जपली. त्यांच्या या संग्रहाला 2007 साली युनेस्कोने जागतिक स्मृतिठेव्यात स्थान दिले.

या फिरण्यात त्यांना दिसले की फरक केवळ वाद्यांत नाही. खेड्यातल्या संगीतात एक मोठा गायक आणि बाकीचे श्रोते, अशी विभागणी नसते. प्रत्येकाकडे एखादे साधे वाद्य असते, एखादा साधा ठेका असतो. एकेकट्याचे वादन अगदी सोपे, पण शंभर जण एकत्र आले की नाद भरून जातो.

हीच रीत त्यांनी मिस्सेत आणली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 साली उपासनेविषयीच्या संविधानात सांगितले होते की, ज्या लोकांची स्वतःची संगीतपरंपरा आहे तिला योग्य तो मान द्यावा आणि उपासनेत तिला स्थान असावे. त्यानंतर पाचच वर्षांनी, 1968 साली, मासेदा यांची ‘पगसाम्बा’ सादर झाली. या तागालोग शब्दाचा अर्थ उपासना. शब्द मिस्सेचेच, तागालोग भाषांतरातले. वाद्ये 116, मिश्र आवाज शंभर आणि पुरुषांचे आवाज आणखी पंचवीस. वाद्यांत बहुतांश बांबूची साधी वाद्ये होती आणि जोडीला गाँग.

जागाही तशीच निवडली होती. मनिला परिसरातील फिलिपिन्स विद्यापीठाच्या आवारात पवित्र यज्ञाचे चर्च आहे. लेआंद्रो लोक्सिन या वास्तुकाराने ते 1955 साली गोल घुमटाचे आणि सर्व बाजूंनी उघडे असे बांधले. वेदी मधोमध, भाविक सभोवती. मासेदा यांनी गायक-वादकांना एका कोपऱ्यात न बसवता लोकांमध्ये विखरून बसवले. त्यामुळे आवाज समोरून न येता चहूबाजूंनी, अगदी शेजाऱ्याकडूनही येत होता.

५. सोपे गाणे, सर्वांचे गाणे

मात्र एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. दोनशेहून अधिक गायक-वादक लागणारी ‘पगसाम्बा’ दर रविवारी कोणत्याही धर्मग्रामाला झेपणारी नाही. लोकांच्या ओठांवर बसली ती गाणी वेगळी होती.

येशूसंघीय धर्मगुरू फादर एदुआर्दो होंतिवेरोस (1923–2008) यांनी परिषदेनंतर मरिकिना येथील बारांका या वस्तीतील साध्या भाविकांसाठी तागालोग गीते रचायला सुरुवात केली. चाली सोप्या, गिटारवर बसणाऱ्या. सुरांची बांधणी बरीचशी पाश्चात्त्यच, पण भाषा आईची. त्यांच्या गीतांची संख्या शेकड्यांत गेली आणि ती देशभर पसरली. फिलिपिनो उपासना संगीताचे जनक म्हणून त्यांना ओळखतात.

इथे विचार करण्यासारखे बरेच आहे. मासेदा यांनी लोकांची रीत घेतली, पण रचना अवघड झाली. फादर होंतिवेरोस यांनी लोकांची भाषा घेतली आणि गाणे घरोघर गेले, पण त्यात गाँग आणि बांबू मागेच राहिले. प्रत्येकाच्या हाती अर्धी भाकरी आली, असे म्हटले तर चूक होणार नाही.

या दोन टोकांना सांधण्याचे काम फ्रान्सिस्को फेलिसियानो (1941–2014) यांनी केले. आशियातील ख्रिस्ती संगीतकारांना आपापल्या देशाच्या सुरांत भक्तिगीते रचता यावीत म्हणून त्यांनी 1980 साली एक संस्था उभी केली. तैवानचे आय-तो लोह यांच्याबरोबर त्यांनी आशियाई देशांतील भक्तिगीतांच्या एका मोठ्या संग्रहाचे संपादनही केले. त्यात भारतातील गीतेही आहेत. 2014 साली फेलिसियानो आणि मासेदा यांच्या वाटेने पुढे गेलेले रामोन सांतोस, दोघांनाही राष्ट्रीय कलावंत म्हणून गौरवण्यात आले.

६. हे सूर कुणाचे?

कुलिंतांग हे मुस्लिम समाजाचे वाद्य, गांसा आदिवासींच्या विधींचे. ते आपल्या कार्यक्रमात वाजवताना त्या लोकांची आठवण कोण ठेवतो? वाद्य उचलून आणणे सोपे असते. त्या माणसांकडे जाणे, त्यांच्या पंगतीला बसणे कठीण असते. मासेदा यांची थोरवी इथेच दिसते. आधी त्यांनी अनेक वर्षे ऐकले, मग रचले. पुढच्या पिढीतील होनास बाएस यांनीही मिंदोरो बेटावरील इराया-मांग्यान आदिवासींमध्ये अभ्यास केला. त्यांच्या काही रचनांत श्रोत्यांच्याच हाती लहान लहान वाद्ये देतात.

७. आपल्यासाठी बोध

आपल्याही परंपरेत याची साक्ष आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांनी येशूचे चरित्र मराठीत लिहिले तेव्हा युरोपचा छंद न आणता लोकांच्या ओठांवरची ओवी घेतली. 1616 साली गोव्यातील राचोल येथे छापलेले ‘ख्रिस्तपुराण’ हे त्याचे फळ.

म्हणून तबला की ऑर्गन, एवढ्यावरच आपली चर्चा थांबू नये. गायकवृंदाने देशी वाद्ये आणली आणि बाकीचा धर्मग्राम गप्प उभा राहिला, तर अर्धेच काम झाले. आणि ऑर्गनच्या साथीने सारे चर्च एकमुखाने गात असेल, तर त्यालाही कमी लेखू नये. सूर आपला असावा आणि गाणारेही आपण सारे असावे, हे दोन्ही एकत्र साधायला वेळ लागतो. फिलिपिन्सला साठ वर्षे लागली आणि त्यांचे काम अजून चालूच आहे.

चिंतनासाठी प्रश्न

१. रविवारच्या मिस्सेत आपण गातो की फक्त ऐकतो? गात नसलो तर का?

२. आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना येणारी कोणती जुनी गाणी, ओव्या अजून कुणीही टिपून ठेवलेल्या नाहीत?

३. दुसऱ्या समाजाचे वाद्य किंवा चाल आपण घेतली, तर त्या समाजाशी आपले नाते कसे असावे?

या आठवड्यात कुटुंबात आणि गायकवृंदाच्या सरावात या प्रश्नांवर अवश्य बोलूया.