यंत्रावरचं संगीत खरं का?

प्रश्न : माझी मुलगी टेक्नो, ट्रान्सच्या मागे वेडी आहे. रात्रभर एकच ठोका आणि वादक कुणीच नाही. यात संगीत ते काय?

उत्तर : ठोका एकच असतो, हे खरं, पण कान द्यायचा तो त्याच्यावर काय रचलं जातंय त्याकडे. डीजे पुढचं गाणं हेडफोनवर ऐकत लयीत जुळवतो, चालू गाण्याचा खर्ज काढून घेतो आणि नव्याचा आत सोडतो. खर्ज गेला की गर्दी थबकते, परतला की उसळते. तो किती वेळ रोखायचा, हे समोरच्या माणसांकडे बघूनच ठरतं. भजनात लय चढवत नेणाऱ्या पखवाजवादकाला हेच भान लागतं. यंत्रामुळे कला उणी होत नाही. मुंबईच्या चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रोलँड कंपनीच्या टीबी-३०३ व टीआर-८०८ या यंत्रांवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात बसवले, तेव्हा ॲसिड हाऊस हा शिकागोचा नृत्यसंगीताचा प्रकार जन्मायचा होता. टीबी-३०३ वर एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येतं. रागाला ते फार मानवतं.

या संगीताच्या कार्यक्रमांत अमली पदार्थ असतात, अशी धास्ती तुमच्या मनात असेल, तर ती रास्त आहे. मुलीशी त्याबद्दल स्पष्ट बोला. पण त्याचा दोष संगीताच्या माथी मारू नका. आवाजाचा धोका मात्र थेट आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अशा ठिकाणांसाठी सरासरी १०० डेसिबलची मर्यादा सुचवली. तिला इअरप्लग घेऊन द्या आणि स्पीकरपासून लांब उभं राहायला सांगा.