‘अठराविश्वे दारिद्र्य’ : व्युत्पत्ती आणि मापन

पराकोटीच्या गरिबीसाठी मराठीत ‘अठराविश्वे दारिद्र्य’ हा शब्दप्रयोग रूढ आहे. यातील ‘विश्वे’ म्हणजे जग नव्हे. तो संख्यावाचक शब्द मानला जातो. दारिद्र्याच्या मापनाचा अभ्यास करणाऱ्यांना त्याची उकल उपयुक्त ठरेल.

व्युत्पत्ती

‘दारिद्र्य’ हा शब्द संस्कृत ‘दरिद्रा’ या धातूवरून आला असून त्याचे मूळ ‘द्रा’ (धावणे) या धातूत सांगितले जाते. दरिद्री म्हणजे मुळात आधाराविना भटकणारा.

‘अठराविश्वे’ या पदाचा उलगडा दोन प्रकारे करता येतो. पहिल्यानुसार अठरा विसे म्हणजे ३६०, अर्थात ३० दिवसांच्या बारा महिन्यांचे वर्ष. ज्यातून वर्षाचा एकही दिवस सुटत नाही, ते हे दारिद्र्य. दुसऱ्यानुसार विसवा म्हणजे विसावा भाग. अठरा विसवे म्हणजे वीसपैकी अठरा, शेकडा ९०. बिघ्याच्या विसाव्या भागास महाराष्ट्रात ‘पांड’ म्हणत, तर हिंदी मुलखात ‘बिस्वा’. हिंदीत ‘बीसों बिस्वे’ म्हणजे पूर्णपणे, निश्चितपणे. त्यामुळे जबलपूरसारख्या शहरातील मराठी भाषकाला हा दुसरा अर्थ सहज उमगावा. जबलपूर आणि नागपूर १८६१ पासून १९५६ पर्यंत एकाच प्रांतात होते, हेही येथे लक्षात घ्यावे.

मापनाशी संबंध

वि. म. दांडेकर व नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये दरडोई दररोज २,२५० उष्मांक हा किमान आहाराचा निकष धरला. १९७९ मध्ये अलघ कृतिदलाने ग्रामीण भागासाठी २,४०० व शहरी भागासाठी २,१०० उष्मांक निश्चित केले. अशा रेषेमुळे गरिबांची संख्या कळते. मात्र रेषेच्या किंचित खाली असलेला आणि तळाशी असलेला, दोघेही त्या गणनेत सारखेच ठरतात. ही उणीव भरून काढण्यासाठी अमर्त्य सेन यांनी १९७६ मध्ये दारिद्र्याची तीव्रता आणि गरिबांमधील विषमता विचारात घेणारा निर्देशांक मांडला. २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झालेल्या अंत्योदय अन्न योजनेतही गरिबांमधील अतिगरिबांची स्वतंत्र निवड अभिप्रेत होती.

निष्कर्ष

‘शेकडा ९०’ हा अर्थ दारिद्र्याची खोली सांगतो, तर ‘३६० दिवस’ हा अर्थ त्याचा कालावधी. गरीब किती आहेत, याबरोबरच ते किती गरीब आहेत आणि किती काळ गरीब आहेत, हे प्रश्नही धोरणकर्त्यांनी विचारले पाहिजेत. अन्यथा मदत रेषेलगतच्यांपर्यंत पोहोचते आणि तळाचा माणूस तेथेच राहतो.