कॉम्प्युटर नाही मिळालं, तर?

सीईटीचा निकाल लागला की तोच प्रश्न येतो: "सर, पर्सेंटाइल कमी आहे, कॉम्प्युटर कुठे मिळेल?" मुलाला काय आवडतं असं विचारलं, तर उत्तर वडील देतात. स्पष्ट सांगतो, ऑप्शन फॉर्ममध्ये वरपासून खालपर्यंत कॉम्प्युटर, आयटी आणि एआयच भरणं ही निवड नव्हे, घबराट आहे. सिव्हिल, इलेक्ट्रिकलची माहिती कुठेही मिळेल. मला केमिकल आणि मेकॅनिकलच्या सीमेवरच्या एका कामाबद्दल सांगायचं आहे: पाइपातून हवेच्या जोरावर पावडर वाहून नेणं.

चंद्रपूर जिल्ह्यात औष्णिक वीज केंद्र आहे आणि सिमेंटचे कारखानेही. कोळशाची कोरडी राख हॉपरमधून, म्हणजे ती गोळा होणाऱ्या नरसाळ्यातून, सायलोत, म्हणजे साठवणुकीच्या उंच टाकीत, हवेनेच ढकलतात. पुढे ती सिमेंटमध्ये मिसळली जाते. मैदा, दूध पावडर, औषधं, प्लास्टिकचे दाणे यांचीही वाहतूक अशीच होते. पण पावडर पाण्यासारखी वाहत नाही. हवेचा वेग कमी पडला की माल तळाशी बसून लाइन चोक होते. वेग भरमसाट वाढवला की राख बेंड घासून भोक पाडते, नाजूक दाण्यांचा चुरा होतो आणि वीज फुकट जाते. हवा जास्त, माल कमी अशा विरळ प्रवाहाला सेकंदाला साधारण 15 ते 30 मीटर वेग लागतो. दाट प्रवाहात वेग बराच कमी, दाब मात्र जास्त. माल सोडणाऱ्या रोटरी व्हॉल्व्हच्या फटीतून हवा उलटी वर आली, तर वरची पावडर खाली उतरतच नाही. डेरेक गेल्डार्ट यांनी 1973 मध्ये कणांचा आकार आणि घनता पाहून पावडरींचे चार गट पाडले. ते आजही वापरात आहेत, तरीही नव्या मालाची चाचणी घेतल्याशिवाय जाणता इंजिनिअर लाइन आखत नाही.

धूळ हलक्यात घ्यायची गोष्ट नाही. 2008 मध्ये अमेरिकेत जॉर्जियातल्या साखर कारखान्यात साखरेच्या धुळीचा स्फोट होऊन 14 कामगार गेले.

"म्हणजे आमच्या मुलीने धुळीत उभं राहायचं?" हो, सुरुवातीची वर्षं प्लांटवर, शिफ्टमध्ये. सुरुवातीचा पगार बड्या सॉफ्टवेअर कंपनीपेक्षा कमी असू शकतो, हेही लपवत नाही. पण ज्या मुलीला यंत्र उघडून बघायची ओढ आहे, तिला नातेवाइकांत मिरवता यावं म्हणून चार वर्षं कोडिंगला बसवणं हा अन्याय आहे.

पालकांनो, फॉर्म कन्फर्म करण्याआधी मुलांना एकदा चालता कारखाना दाखवा. आणि लॉगिनचा पासवर्ड त्यांच्याच हातात द्या.