दाढीच्या वाटीला हात घालण्याआधी

अरे राजा, परवा तू आणलेली वाटी अजून माझ्या ओट्यावर आहे. रंग फार सुरेख उतरलाय. पण ती तू टेबलावर ठेवून बघितलीस, साबणाच्या हातात धरून बघितली नाहीस, हे उचलल्याबरोबर कळलं. मला चाकावर बसायला लागून चाळीस वर्षं झाली. तुझ्या हातून आज जे होतंय ते सगळं माझ्या हातून होऊन गेलंय, म्हणून हे लिहून देते. एका बैठकीत वाचू नकोस, रोज थोडं वाच.

आधी तुझ्या आजोबांचं सांगते. फणसवाडीतल्या आमच्या चाळीत सकाळी नळ आला की अण्णा गॅलरीत दाढीला बसायचे. खिडकीच्या गजाला आरसा, कठड्यावर पितळेची वाटी, खाली तपेल्यात बंबातलं ऊन पाणी. पितळ चटकन तापतं आणि तितक्याच चटकन निवतं. एक गाल होईपर्यंत फेस गार पडून बसायचा, मग अण्णा वाटी त्या तपेल्यात ठेवून पुन्हा घोटायला लागायचे. मी शाळेची वेणी घालून घेत ते रोज बघायची. जाड मातीची वाटी ऊब धरून ठेवेल हे तिथेच डोक्यात आलं. आता ऐक.

१. पहिले आठ दिवस चाकाला शिवू नकोस, दाढी करणाऱ्यांचे हात बघ — ब्रश उजव्या हातात असतो, वाटीचा सगळा भार डाव्या पंजावर येतो, आणि तो पंजा बुळबुळीत झालेला असतो.

२. प्रत्येक नवी वाटी हाताला साबण लावून, डोळे मिटून उचल — डोळे रंगाला भुलतात, पंजा भुलत नाही.

३. तयार वाटीची आतली रुंदी ११ सेंटीमीटर आणि खोली पाच-सहा सेंटीमीटर धरून चाल — अरुंद वाटीत ब्रश फिरत नाही, नुसता उभा राहतो, आणि उथळ वाटीतला फेस मनगटावरून कोपरापर्यंत जातो.

४. मोजमाप ओल्या मातीवर करतोस तेव्हा आटणं विसरू नकोस. आपली स्टोनवेअरची माती भट्टीतून निघेपर्यंत शंभराला बारा आटते. ११० मिलिमीटरची वाटी हवी तर ११० मध्ये बारा टक्के मिळवायचे नसतात, ११० ला ०.८८ ने भागायचं असतं — मिळवलेस तर १२३ येतात आणि वाटी १०८ ची निघते. भागलंस तर १२५ येतात आणि वाटी बरोबर बसते.

५. मातीचं नवं पोतं आलं की दहा सेंटीमीटरची रेघ ओढलेली एक पट्टी आधी भाजून घे — दुकानदार तीच माती म्हणून देतो, पण पोतं बदललं की आटणंही बदलू शकतं.

आता वाटीच्या आतल्या वळ्यांबद्दल. तुझी सगळी मेहनत इथे दिसते, आणि सगळी चूकही इथेच आहे. पूर्वी वाडीत पाट्याला टाकी लावणाऱ्या बाया यायच्या. गुळगुळीत झालेल्या पाट्यावर वाटण नुसतं सरकतं, टाकी लावली की धरतं. वाटीच्या आतल्या वळ्यांचं काम तसंच आहे. ब्रश त्यांच्यावरून जाताना किंचित अडतो, केस उघडतात, मिटतात आणि दर वेळी साबणाच्या पाण्यात थोडी हवा शिरते. फेस म्हणजे साबण, पाणी आणि हवा एवढंच. पण राजा, पाट्यावर दगडी वरवंटा फिरतो आणि वाटीत केसांचा ब्रश. तू टाकी पाट्यासारखीच मारलीस.

६. वळ्या बोटाच्या पेराने काढ, अवजाराने कोरू नकोस — कोरलेल्या रेघेला धार राहते, आणि धार ब्रशची टोकं खाते.

७. भाजून आलेल्या वाटीत कापसाचा बोळा गोल फिरवून बघ — जिथे तंतू अडकला तिथे ब्रशचा केसही अडकून तुटणार.

८. चार-पाच वळ्या पुरेत, आणि त्याही तळाला. वर भिंत साधी ठेव — वळ्यांच्या खाचांत साबण साचतो, आणि धुणाऱ्याला रोज अंगठा घालून खरवडायला लावणारी वाटी महिन्याभरात माळ्यावर जाते.

९. तळ आणि भिंत मिळते तिथे कोपरा ठेवू नकोस, कढईसारखी गोलाई दे — कोपऱ्यातला साबण ब्रशला सापडत नाही, झुरळाला सापडतो.

१०. आतून गडद ग्लेझ दे, काळपट निळा किंवा तपकिरी — पांढऱ्या वाटीत पांढरा फेस दाट झाला की पातळच आहे, हे माणसाला दिसत नाही.

११. बाहेरून पोटाच्या मध्यावर दोन बोटं रुंद पट्टा बिनग्लेझचा सोड — काचेवरून साबणाचा हात सुटतो, उघड्या मातीवर टिकतो.

१२. तळाची कडी तासताना खाली चार बोटं आरामात शिरतील एवढी जागा ठेव, आणि वाटी ओल्या खोबऱ्याइतकी घट्ट झाली की लगेच तास — त्याआधी तासलीस तर ती दबते, नंतर तासलीस तर तिचे टवके उडतात.

१३. कान लावायचाच असेल तर वाटी आणि कान दोन्ही सारखे ओले असताना लाव. दोन्हीकडे ओरखडे काढ, पातळ चिखल लाव, दाब आणि जोडावर दोन दिवस प्लास्टिक गुंडाळून ठेव — ओला कान सुक्या वाटीला धरत नाही, धरल्यासारखं दाखवतो.

या तेराव्याची किंमत मी मोजली आहे. लालबागच्या एका गृहस्थांना मी कानाची वाटी दिली होती. गणपतीचे दिवस, मागणी पुष्कळ, घाईत सुकलेल्या वाट्यांना ताजे कान लावले. भट्टीतून सगळ्या धड निघाल्या. तीन आठवड्यांनी मोरीत उभे असताना कान त्यांच्या हातात राहिला आणि वाटी फरशीवर पडली. पाय अनवाणी. ग्लेझची कपची टाचेत शिरली, दोन टाके पडले. ते मला एक शब्द बोलले नाहीत, तुटलेला कान तेवढा कागदात गुंडाळून घेऊन आले. जोडाच्या जागी माती इतकी गुळगुळीत होती, जणू तिथे कधी काही चिकटलंच नव्हतं. तो कान अजून माझ्या चाकाजवळच्या फळीवर आहे. ओल्यात लपवलं ते भट्टी झाकते आणि मोरी सांगते.

१४. पावसाळ्यात वाटी उलटी घालून, वर जुनं सुती कापड आणि त्यावर सैल प्लास्टिक टाकून दोन आठवडे वाळू दे. पंखा लावू नकोस — पंख्याने काठ आधी सुकतो, तळ ओला राहतो, आणि दोघांच्या ओढाताणीत मधे चीर जाते.

१५. वाळली की नाही हे गालाला लावून बघ — गार लागली तर आत पाणी आहे.

१६. पहिल्या भाजणीत १२० अंशांपर्यंत भट्टी अगदी रांगत ने — आत उरलेल्या पाण्याची वाफ होते, आणि तिला वाट मिळाली नाही तर ती एक वाटी फोडून शेजारच्या चार घेऊन जाते.

१७. निवताना झाकण उघडून डोकावू नकोस — ५७३ अंशांच्या आसपास मातीतली गारगोटी एकाएकी आकसते, त्यात बाहेरची हवा लागली की वाटीला केसाएवढी चीर पडते.

१८. चाळीत भट्टी ठेवता येत नाही, म्हणून मी कच्ची वाटी चर्नी रोडहून दादरच्या भट्टीपर्यंत नेते ती पत्र्याच्या डब्यात, भुशात बसवून, मांडीवर घेऊन, दुपारच्या रिकाम्या स्लो गाडीने. डबा फळीवर कधीच नाही — कच्च्या मातीला धक्क्यापेक्षा थरथर वाईट.

मग ऊनवाटी. परदेशात तिला स्कटल म्हणतात. आत फेसाची वाटी, बाहेर दुसरी भिंत, मधल्या पोकळीत तोटीतून घातलेलं ऊन पाणी. अण्णांचं तपेलंच, पण हातात धरता येईल असं. तुला ती करायचीच आहे, ठाऊक आहे मला. कर, पण साध्या वाट्या शंभर झाल्यावर.

१९. दोन्ही भिंती जोडायच्या आधीच वरच्या अंगाला एक भोक पाड — कोंडलेली हवा सुकताना आणि भाजताना जोड उचकटते. शिवाय भोक नसेल तर तोटीतून पाणी गुडगुडत अंगावर येतं.

२०. पोकळीतलं ग्लेझ सगळ्यात आधी ओत, गदागदा फिरव आणि उलटं करून पूर्ण निथळू दे — आतली कोरी माती पाणी पिऊन राहते आणि पावसाळ्यात तिला कुबट वास सुटतो.

२१. तोटी अशा जागी ठेव की वाटी उलटी केली की शेवटचा थेंबसुद्धा बाहेर पडेल — जिथे हात पोचत नाही तिथे पाणी ठेवायचं नाही.

२२. वापरणाऱ्याला सांग, आंघोळीला घेतो तेवढंच ऊन पाणी घाल, उकळतं नको, आणि आधी थोडं घालून विसळ — गार वाटीत उकळतं पाणी पडलं की माती दचकते, आणि फार तापलेल्या वाटीत फेस सुकून पापडी धरतो.

२३. भाजलेली वाटी कोरडी वजन कर, रात्रभर पाण्यात बुडव, पुसून पुन्हा वजन कर. ४०० ची ४०८ झाली तर दोन टक्के, तिथवर ठीक — त्याहून जास्त प्यायली तर ग्लेझला बारीक भेगांचं जाळं पडून साबणाचं पाणी आत मुरत राहील.

२४. ग्लेझवर शाई चोळून पुसून टाक — जाळं असेल तर निळ्या रेघा आपोआप दिसतील.

२५. चमकेसाठी शिशाचं ग्लेझ कोणी फुकट दिलं तरी घेऊ नकोस — फेस ओठांना लागतो, ब्रश रोज वाटीला घासतो. भांड्यांची चमक बघायचीच तर भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात जाऊन जे. जे. स्कूलची जुनी भांडी अवश्य बघ. १८७० च्या दशकात जॉर्ज टेरी यांनी त्या स्कूलमध्ये हे काम उभं केलं. अजिंठ्यातल्या नक्ष्या त्या भांड्यांवर काय खुलल्यात! नक्षी डोळे भरून घे, चमकेचा मोह तिथेच राहू दे.

२६. आपल्या खेतवाडीपलीकडच्या गल्ल्यांना कुंभारवाडा हे नाव उरलंय. हात बघायचे तर धारावीच्या कुंभारवाड्यात एक सकाळ बस. सौराष्ट्रातून आलेल्या घराण्यांची चाकं तिथे पिढ्यान्‌पिढ्या फिरतायत — लाल मातीची ती वाटी पाणी पिते म्हणून दाढीला चालणार नाही, पण एका दमात भिंत कशी उचलायची हे त्यांच्याइतकं कोणी शिकवणार नाही.

२७. विकायच्या आधी प्रत्येक वाटीला टिचकी मार — खणखणीत वाजली तर धड, बद्द वाजली तर कुठेतरी चीर. तेरच्या गोरोबाकाकांनी संतांची डोकी थापटून कच्चं मडकं ओळखलं, ती गोष्ट आपल्या घरातल्या लहान मुलालाही ठाऊक आहे. कुंभाराच्या हाताला ती परीक्षा रोज करायची असते.

२८. बद्द वाजलेली वाटी स्वस्तात विकू नकोस, कुंडी कर — भाव कमी केल्याने काच बोथट होत नाही.

२९. तुरटीची बशी करशील तिला आतून-बाहेरून ग्लेझ दे आणि पाणी निथळायला खाली वळ्या ठेव — तुरटी कोऱ्या मातीत मुरते, सुकताना तिचे खडे फुलतात आणि मातीचे पापुद्रे काढतात.

३०. सोबत लहान मुलांच्या पैशाच्या गल्ल्यासारखा एक बंद गल्ला कर, वापरलेल्या ब्लेडसाठी. ब्लेड २२ मिलिमीटर रुंद असतं, म्हणून ओल्या मातीत फट २९ ची काप — उघड्या कचऱ्यातलं ब्लेड आपल्या घरात कोणाला कापत नाही, पहाटे कचरा उचलणाऱ्याच्या बोटाला कापतं.

हा तिसावा माझ्या मते सगळ्या यादीत मोठा. गिऱ्हाईक मागणार नाही, तरी तू दे.

३१. कोणी म्हणालं की तुझ्या वाटीत फेसच होत नाही, तर आधी त्याचं पाणी कुठलं ते विचार — मुंबईत १८९२ पासून तानसाचं मऊ पाणी येतंय, त्यात साबण लगेच फुलतो. बोअरच्या जड पाण्यात साबणाचा चोथा होतो आणि दोष वाटीवर येतो.

३२. ब्रश वाटीत भिजत ठेवू नका, झटकून उभा ठेवा, हे चिठ्ठीवर लिहून दे — मुठीतला गोंद सुटतो, लाकूड फुगतं, आणि केस गळले की पुन्हा वाटीलाच बोल.

३३. पाच निरनिराळ्या माणसांना वाटी महिनाभर वापरायला दे, त्यात एक केशकर्तनालयातला असू दे — आपण एक दाढी बघतो, तो दिवसाला वीस करतो, आणि धोकटीत काय मावतं हे त्याच्याइतकं कोणाला कळत नाही.

३४. परत आल्यावर एका वेळी एकच गोष्ट बदल, आणि वहीत तारीख घालून लिही — काठ, वळ्या आणि कडी एकदम बदललीस तर कशाने सुधारलं हे कधीच कळणार नाही. पहिली वाटी चाकाची, दहावी डोळ्याची, पन्नासावी हाताची.

३५. तळाखाली ओल्या मातीत सुईने वापरणाऱ्याचं नाव कोर. अमेरिकेतल्या जुन्या सलूनमध्ये नेहमीच्या गिऱ्हाइकाचा मग फळीवर वेगळा असे, त्यावर त्याचं नाव आणि धंदाही रंगवलेला — एकाचा साबण दुसऱ्याच्या गालाला लागू नये ही त्यामागची समजूत. आपल्याकडे एकाच घरात बाप, लेक आणि जावई असतात, तिथे नाव कामालाच येतं.

रविवारी ये, सकाळी नळ जायच्या आत. अण्णांची पितळेची वाटी घासून ठेवते, तिचा काठ आत किती वळलाय ते बोटाने बघ. ब्रश त्या काठावर पुसला की जास्तीचं पाणी बरोबर आतच पडायचं. तुझी वाटी मी गॅलरीतल्या कठड्यावर ठेवेन. येताना दाढी करून येऊ नकोस, इथेच कर.