फासळ्या दिसू लागलेली घोडी

प्रश्न : आमची घोडी गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवते. दीड महिन्यापूर्वी व्याली. शिंगरू गुटगुटीत आहे, पण तिच्या फासळ्या दिसताहेत. पेंढा, कोंडा भरपूर देतो. काय चुकतंय?

उत्तर : पोट भरतंय, अंगी लागत नाही. व्याल्यावर पहिले 3 महिने दुधाचा जोर असतो. ऊर्जा एरवीच्या जवळपास दुप्पट लागते. भाताच्या पेंढ्यात ती नाही. कोंड्यात फॉस्फरस फार आणि कॅल्शियम कमी, त्यामुळे घोडी हाडांतलं कॅल्शियम दुधात ओतते. नेपियर गवतही मुख्य चारा नको. त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम अडवतं. गाईला चालतं ते घोडीला चालतंच असं नाही.

घाटावरून सुकी लसूणघास आणा, महाग पडली तरी. 300 किलोच्या घोडीला रोज साडेसात ते नऊ किलो सुका आहार हवा, त्यात निम्म्याहून अधिक चारा. रातीब म्हणून भरडलेला जव, भिजवलेले हरभरे, थोडी सोयाबीन पेंड. एका वेळी किलोच्या आतच, दिवसातून तीनदा. हा बदल 10-12 दिवसांत हळूहळू करा, नाहीतर पोटशूळ उठेल. खनिज मिश्रण, मीठ आणि सतत स्वच्छ पाणी हवंच.

चारा वाळूवर टाकत असाल तर आजच थांबवा. लीद बादलीभर पाण्यात कालवून पाहा. तळाशी वाळू बसली तर ती पोटातही साठतेय.

पशुवैद्यकाकडून दात, जंत आणि सर्रा या रोगासाठी रक्त तपासून घ्या, विशेषतः मधूनमधून ताप येत असेल तर. आणि फासळ्या झाकल्या जाईपर्यंत तिच्या पाठीवर कुणालाही बसवू नका, हंगाम असला तरी.