सहज मस्तिष्कविकृती आणि अपस्मार

चरकांनी अपस्माराचे वातज, पित्तज, कफज व सान्निपातिक असे चार प्रकार सांगून सान्निपातिक हा असाध्य मानला आहे. बालवयापासून वेग येणारे व औषधांना न जुमानणारे रुग्ण आपण बहुधा याच वर्गात टाकतो आणि तेथेच थांबतो. अशा कित्येक रुग्णांत मूळ हेतू मेंदूच्या रचनेतच असतो.

गर्भावस्थेत चेतापेशी मेंदूच्या अंतर्भागात निर्माण होऊन बाह्यस्तराकडे सरकतात. या प्रवासात खंड पडल्यास त्या भलत्याच जागी राहतात, अथवा योग्य जागी पोहोचूनही त्यांची मांडणी विस्कटलेली राहते. टेलर व सहकाऱ्यांनी १९७१ साली, दहा रुग्णांच्या शस्त्रक्रियेने काढलेल्या मेंदूच्या भागांत अशी विकृती वर्णिली. तीच आजची फोकल कॉर्टिकल डिसप्लेशिया. शारीरस्थानातील बीजभागावयवदुष्टीचे स्मरण येथे होणे साहजिक आहे. परंतु यातील अनेक जनुकबदल गर्भधारणेनंतर, मेंदूच्या तेवढ्याच भागात घडलेले असतात. साम्य ओढूनताणून लावू नये.

आमच्याकडे एका नऊ वर्षांच्या मुलास आणले होते. झोपेत उजवा हात ताठ होऊन वेग येत. पंचगव्य घृत सुरू केले. तीन आठवडे वेग कमी झाले. त्या आनंदात आईवडिलांनी पूर्वीच्या गोळ्या परस्पर बंद केल्या. 'गोळ्या चालूच ठेवा' हे वाक्य आम्ही उच्चारलेच नव्हते. चौथ्या आठवड्यात एकामागून एक वेग येऊन मुलास अतिदक्षता विभागात न्यावे लागले. तेथे एपिलेप्सी प्रोटोकॉलने केलेल्या एमआरआयमध्ये डाव्या बाजूची डिसप्लेशिया दिसली. पूर्वीचा साधा एमआरआय 'प्राकृत' म्हणून आम्ही निश्चिंत होतो!

योग्य निवडीची व योग्य मात्रेची दोन औषधे देऊनही वेग न थांबल्यास तो औषधास दाद न देणारा अपस्मार होय, अशी आंतरराष्ट्रीय व्याख्या २०१० पासून रूढ आहे. अशा रुग्णास शस्त्रक्रियेच्या विचारार्थ सत्वर पाठवावे. दिल्लीच्या एम्समधील ११६ मुलांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. वर्षाअखेरीस शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ७७ टक्के, तर केवळ औषधांवरील ७ टक्के मुले वेगमुक्त होती. शस्त्रक्रियेच्या गटात काहींना हातापायांचे दौर्बल्य आले, हेही पालकांना सांगावे. घृतपान, पथ्य, निद्रा व अग्नी यांची काळजी हे आपले क्षेत्र आहेच. विस्कटलेला स्तर घृताने पूर्ववत होईल, असे मात्र कोणी सांगू नये.

औषधविक्रेत्या बंधूंनी एक बाब विशेष ध्यानी घ्यावी. फेनिटॉइन घेणाऱ्या दोन रुग्णांचे वेग शंखपुष्पीयुक्त कल्पासोबत पुन्हा सुरू झाले, असे १९९२ साली मुंबईतील संशोधकांनी नोंदविले. उंदरांवरील प्रयोगात त्या कल्पाच्या वारंवार मात्रांनी फेनिटॉइनची रक्तातील पातळी घटली. 'स्मरणशक्तीसाठी' म्हणून शंखपुष्पी सिरप मागणाऱ्या ग्राहकास, मुलाला फिटच्या गोळ्या चालू आहेत काय, एवढे विचारूनच बाटली द्यावी. उत्तर होकारार्थी आल्यास त्यास प्रथम चिकित्सकाकडे पाठवावे.